फ्रीजचा सूर

बँडचं नाव ठरायला सात आठवडे लागले,
तोवर गाणी तीन झाली होती.
आर्नीला लांडगा हवा होता नावात,
मला कुठलंच जनावर नको होतं.
शेवटी इमारतीच्या धुलाईखोलीवरची पाटीच उचलली:
‘रात्री नऊनंतर मशीन लावू नये.’
फिनिशमध्ये ते एवढं लांबलचक
की पोस्टरवर तीन ओळींत मोडावं लागायचं.

केमीत डिसेंबर म्हणजे दुपारी दोनला दिवे.
तानेलीच्या वडिलांनी धंदा आवरला
आणि मासळीची व्हॅन आम्हाला दिली.
मासळी गेली, वास राहिला.
पहिले सहा महिने गावात आम्हाला
फक्त मांजरं ओळखायची.

तळघरात प्यूरूचे ड्रम, दोन अँप,
आणि कोपऱ्यात सानेल्माबाईंचा फ्रीज.
त्यात त्यांचं हरणाचं मांस, रानातली बोरं,
आणि दारावर चिकटवलेली धमकी: बंद केलात तर याद राखा.
तो गुरगुरायचा,
बी आणि बी फ्लॅटच्या मधल्या फटीत कुठेतरी.
घोडं तिथेच पेंड खायचं, रोज.
तो काही बदलेना. मग आम्हीच बदललो,
चार जणांच्या सगळ्या तारा
एका फ्रीजसाठी पाव सुराने उतरवल्या.
(ड्रमला तारा नसतात. तरी प्यूरूने कातडं सैल केलं.
म्हणाला, मी एकटाच शहाणा कशाला?)

रेकॉर्डिंगला पैसे दोन दिवसांपुरते होते.
स्टुडिओ तोर्नियोत, भिंतीला लोकर, जमिनीला गालिचा,
एस्को नावाचा माणूस, ज्याला सगळं ऐकू यायचं.
वाजवलं. परत ऐकलं.
चूक एकही नव्हती,
आणि आम्ही कुणीच त्यात नव्हतो.
आर्नीने मोजे काढले, परत घातले.
एस्को म्हणाला, तुम्ही सारखे कान कुणाकडे लावताय?

दुसऱ्या दिवशी त्याचे माइक आमच्या तळघरात.
तिसऱ्या कडव्याच्या ऐन मध्यावर
फ्रीज थडथडला आणि गप्प झाला.
थंडी पुरेशी झाली असावी त्याला.
प्यूरूची काठी हवेत.
आम्ही सगळे त्याच्या खांद्याकडे बघत.
किती वेळ, कुणास ठाऊक. वर कुणीतरी नळ सोडला.
मग काठी खाली आली.
ती फट आम्ही कापली नाही.
नळसुद्धा आहे.

मग अकरा गावं.
कायानीत सात श्रोते, त्यातला एक बारवाल्याचा मेव्हणा.
कुओपिओच्या वाटेवर सांबराएवढं हरीण रस्त्यात उभं,
आम्ही हॉर्न दिला नाही, त्याने वीस मिनिटं दिली नाहीत.
ईसाल्मीत एका मुलीने विचारलं,
मधे थांबता ते मोजता कसं?
मोजत नाही, मी म्हटलं, आमच्यात एक जण आहे.
रोज ती फट वेगळी यायची.
एकदा इतकी लांबली की लोकांनी टाळ्या वाजवल्या,
गाणं अर्धं असताना.
प्यूरू लाजून हसला, आणि पुढचा ठोका चुकला.

जानेवारीत त्याचं सैन्याचं पत्र. सोदान्क्यूला.
सगळ्यांनाच येतं, त्याला आधी आलं.
नवा मुलगा चांगला आहे. योना.
तो फट मोजतो: बरोबर चार मात्रा.
कुणी चुकत नाही आता.
मला बासवर बोट कुठे ठेवायचं ते आधीच कळतं,
आणि तेच मला सहन होत नाही.

रविवारी प्यूरूला दहा मिनिटं फोन मिळतो.
बूट, बर्फ, बटाटे, एवढं झालं की गप्प.
परवा मी चपला अडकवून खाली गेले,
फोन फ्रीजच्या पाठीला टेकवून धरला.
पलीकडे बराकीत कुणीतरी खोकलं.
आम्ही दोघं तो थांबायची वाट बघत राहिलो.
दहा मिनिटं झाली.
तो थांबला नाही.