उलटा पाच

बुधवारच्या बाजारात, गंगेवर,
शाल्मलीनं मेथीवालीपुढं खेळण्यातला मोबाइल धरला
आणि तोंडानंच म्हणाली, टिंग.
मेथीवाली हसली, वृषाली हसली,
मीही हसलो,
पण जेलरोड येईपर्यंत रिक्षात गप्प होतो.

दिवसभर मी नोटा मोजतो.
प्रेसमध्ये. शंभरांची गड्डी, दहा गड्ड्यांचं बंडल.
अंगठ्यावर आता रेषा उरल्या नाहीत,
रेशनच्या दुकानातलं यंत्र मला ओळखत नाही.
आणि माझ्या लेकीला वाटतं
पैसा म्हणजे एक आवाज.

म्हणून रविवारी फरशीवर चादर टाकून दुकान मांडलं.
मालकीण ती, गिऱ्हाईक मी.
चिंचोका म्हणजे रुपया. सागरगोटा म्हणजे दहा.
हा सौदा तिला पटला नाही:
दहा द्यायचे आणि एकच घ्यायचा?
फसवता का, बाबा?
मला उत्तर सुचलं नाही.
कागदाचा तुकडा पाचशे कसा होतो
हे वीस वर्षांत मलाही कुणी समजावलेलं नाही.

मोजताना ती अठराला थबकते.
एकोणीस म्हणजे विसाला एक कमी, मी सांगतो.
पण वीस तर अजून आलेच नाहीत,
मग त्यांचं नाव आधीच कशाला घ्यायचं?
वृषाली ओट्याजवळून म्हणते,
तसंच असतं गं,
एकोणतीस तारखेला विचार तुझ्या बाबांना,
पगार आलेला नसतो
आणि त्याच्याच नावानं घर चालतं.

इस्त्री बारा रुपये. कुकरची शिट्टी तीन.
आईचा चष्मा विकायला नव्हता, नुसता दाखवायला.
माझीच चप्पल मला आठला पडली.
मी सागरगोटा दिला, दोन परत मागितले.
चिंचोके तोवर धाकट्यानं
मूठमूठ करून गॅलरीतून खाली उधळले होते.
सुट्यांऐवजी गोळी देतात
हे तिला अजून ठाऊक नाही.
थांबा, म्हणाली,
आणि वहीचं पान फाडून नोट काढायला बसली.

मांजर काढलं. मांजराला मिशा.
खाली सही, म्हणजे एक गुंतवळ.
कोपऱ्यात पाच.
पाच उलटा, आरशातला.
घ्या. दोन तुमचे.
वरचे तीन उद्या आणून द्या.

माझे डोळे कामावरचे आहेत.
कड वाकडी, शाई पसरलेली, आकडा उलटा,
असा कागद दिसला की हात आपोआप तो बाजूला काढतो.
त्याची नोंद होते, मग त्याचा भुगा होतो.
हात उचललाही गेला होता.
खरी आहे ना, बाबा?
खरी आहे, म्हटलं,
आणि घडी न घालता वरच्या खिशात ठेवली.

सोमवारी भोंगा झाला, गेटवर झडती.
आत जाताना खिशात रुपयासुद्धा चालत नाही,
आणि मी विसरलो.
आहिरेनं खिसा चाचपला, मांजर बाहेर आलं.
सवयीनं त्यानं ते उजेडात धरलं,
पालथं करून पाहिलं.
कुणाची?
सावकाराची, मी म्हणालो.
तो हसला नाही. त्याचीही एक आहे, भगूरला, बालवाडीत.
रजिस्टर ओढून त्यानं रकान्यात लिहिलं:
नोट एक. रुपये पाच.
आणि पेन माझ्यापुढं केलं.

संध्याकाळी सही करून नोट सोडवली.
वाटेत शाळेच्या कुंपणालगतच्या चिंचेखाली
डबा बाजूला ठेवून, ओणवा होऊन,
पाचोळा चाळत राहिलो.
ओळखीचे दोघे स्कूटरवरून गेले, काय हरवलं विचारत.

ती दारातच उभी होती, तळहात पसरून.
मी ठेवले.
तिनं मोजले. पालथे करून पुन्हा मोजले.
बराच वेळ माझ्याकडं पाहिलं,
मग वहीत लिहून घेत
मोठ्यानं म्हणाली,
एकोणतीन.