अकरा सेकंद

मुसळगावच्या कांदा-पावडरच्या फॅक्टरीत
डोळ्यांतून पाणी आलं तर कुणी कारण विचारत नाही.
तेवढी एक सोय.

चौदा वर्षं एकाच कंपनीचा कंट्रोलर वापरला,
कुठल्या मेन्यूत काय, हे बोटांना पाठ,
डोक्यापर्यंत जावंच लागायचं नाही.
नव्या ड्रायरसोबत नवं सॉफ्टवेअर आलं
आणि मी, वनिता पगार, आयटीआय सातपूर, ट्रेड वायरमन
(दाखल्यावर बाईसाठी वेगळा शब्द नव्हता),
सेव्ह कुठे आहे ते शोधत बसले अर्धी शिफ्ट.
सापडलं, तेव्हा कळलं
की सेव्ह केलं म्हणजे मशीनमध्ये गेलं असं नाही.
लॅपटॉपात एक प्रोग्राम, पॅनलमध्ये दुसरा,
आणि दोघंही छातीठोकपणे खरे.

शिडी तीच आहे म्हणा.
डावीकडून निघायचं, एकेक अट ओलांडायची,
उजवीकडे कॉइलला जाऊन टेकायचं,
मग खालची पायरी.
एकाच कॉइलला दोन पायऱ्यांवरून हुकूम दिला
तर खालचा जिंकतो, वरचा बिचारा दिसतही नाही.
हे मला सॉफ्टवेअरशिवायही माहीत होतं,
मी एकत्र कुटुंबात राहते.

तेजल शिकवते. वय चोवीस, पाठीवर सॅक,
सिन्नर फाट्यावरून बसने येते.
ताई, एम सत्तेचाळीस काय? नाव द्या त्याला.
मी म्हटलं, नाव दिलं की लळा लागतो.
ती हसली नाही. म्हणाली,
रात्री तीनला लाइन बंद पडल्यावर
एम सत्तेचाळीस तुमच्याशी बोलणार आहे का?
मग मी नावं दिली. दार_बंद. पट्टा_चालू. तापमान_जास्त.
बारशाला बसल्यासारखी, एका दुपारी एकशेबारा.

इमर्जन्सीचं बटण मात्र मी तिला समजावलं.
ते एरवी जोडलेलंच ठेवायचं, पोरी,
दाबलं की तुटतं.
म्हणजे उंदराने वायर कुरतडली तरी मशीन थांबेल.
तिने वहीत उंदराचं चित्र काढलं.

जुना प्रोग्राम नव्यात उतरवताना
पायरी एकशे सहावर अडकलो.
एक टायमर, अकरा सेकंद.
त्याशिवाय ड्रायरच्या दाराचं कुलूप सुटत नाही.
मोटर बंद झालेली असते,
मग उगाच अकरा सेकंद कशाला?
शेजारी इंग्रजी अक्षरांत मराठी:
काढू नये. र. गां.

रघुनाथ गांगुर्डे रिटायर होऊन नऊ वर्षं झाली.
दिंडोरीला फोन लावला, मागे पंप चालू होता.
बराच वेळ नुसता पंपच ऐकू आला.
मग म्हणाले,
मोटर बंद झाली म्हणजे पंखा थांबला, असं कुणी सांगितलं तुला?
पोपट सांगळेने दार उघडलं होतं.
त्यानंतर मी घड्याळ लावून मोजलं. अकरा.
मी विचारलं, मग एवढं लिहिलं का नाही तुम्ही?
ते म्हणाले, तेव्हा सगळ्यांना माहीत होतं गं.

पोपट सांगळे गेटवर असतो आता.
रजिस्टर पुढे करतो, डाव्या हाताने.
मी रोज सही करते.

तेजलने अकरा टाइप केले होते.
मी म्हटलं, थांब.
नव्या ड्रायरची मोटर बंद केली, मोबाईलवर घड्याळ लावलं,
काचेतून दोघी बघत राहिलो.
अकरा झाले.
पाती अजून दिसतच नव्हती, नुसतं धुरकट वर्तुळ.
चौदा. सतरा.
एकोणिसाव्या सेकंदाला
एक पातं ओळखू आलं, हलून, थांबलं.
तेजल काही बोलली नाही.
तिने अकरा खोडले, बावीस केले.

कॉमेंटचा चौकोन लहान आहे, तरी मावलं:
मोटर थांबल्यावर पंखा १९ सेकंद फिरतो, ३ जास्त धरले.
पंखा बदलला तर परत मोजा.
खाली तारीख. र. गां., व. प.,
आणि थोडी जागा उरली होती तिथे
तिचं ते.

मग बॅकअप घेतला. दोन ठिकाणी.