बहिरी टेप

ये त्रीनू. कोट काढू नकोस,
इथे अठरा अंशांपुढे कुणाचं काही चालत नाही.
उद्यापासून किल्ली तुझी.
विक्रेते येतील, गुळगुळीत माहितीपत्रकं घेऊन,
सांगतील, साठवण म्हणजे साठवण, आमची फक्त वेगवान.
ऐकून घे. कॉफी दे. सही करू नकोस.

हे पहिलं कपाट, ब्लॉकचं.
याला नावं सांगू नकोस, कळत नाहीत.
आकडा सांग: घर क्रमांक चार लाख सात.
आत कुणाचा रक्तगट आहे
की कुणाचं शेवटचं बिल,
एकवीस वर्षांत यानं एकदा विचारलं नाही.
म्हणूनच इतकं चपळ.
शस्त्रक्रियागृहाचा डेटाबेस याच्या पाठीवर बसतो,
आणि डेटाबेसला गप्पा आवडत नाहीत.

हे दुसरं, फाइलींचं. याला सगळी नाती पाठ.
विभागाच्या पोटात वर्ष, वर्षाच्या पोटात महिना,
महिन्याच्या पोटात डॉक्टर माल्ले यांचं
‘अंतिम’, ‘नवं अंतिम’, ‘खरंच अंतिम’.
दोघींनी एकच पान उघडलं
की हे मध्ये हात घालतं: थांब, तिचं आटपू दे.
तुला रात्री येणारे फोन बहुतेक याच्यामुळे.

तिसऱ्याला कपाट म्हणू नये, ऑब्जेक्टचं आहे ते.
तार्तूच्या नाट्यगृहात हिवाळ्यात आपण कोट देतो,
बाई पितळी बिल्ला देते,
कुठल्या खुंटीवर, ते आपण विचारत नाही.
फक्त खुंटीवरच्या कोटाला बटण लावता येत नाही.
लावायचंच तर घरी न्या, शिवा,
नवा म्हणून परत द्या, नवा बिल्ला घ्या.
क्ष-किरणांची चित्रं अशीच:
एकदा काढली की कोण बटण लावतंय?
कोटी कोट मावतात. घाई मात्र करायची नाही.

आणि ही टेप.
तुझ्या वयाची मुलं हसतात हिला.
माझी आई सेतोमाच्या तळघरात बटाटे ठेवायची,
एक एक, माती न पुसता,
मार्चमध्ये लागतील म्हणून.
मार्चमध्ये लागायचे.

तुला फेब्रुवारीतली ती रात्र कुणी सांगितली असेल.
चुकीची सांगितली असेल.
हल्ला नव्हता. मीच होतो.
साफसफाईची आज्ञा लिहिताना एक टिंब जास्त पडलं,
आणि बालविभागाची चित्रं गेली.
नदीपलीकडच्या इमारतीत आपला आरसा आहे ना,
हुबेहूब प्रत, दोन वर्षं भांडून मिळवलेली,
त्यानं माझी चूक
डोळ्यांचं पातं लवायच्या आत गिरवली.
इतका आज्ञाधारक.

टेप फळीवर झोपली होती.
तिला तार नाही, कान नाहीत,
माझी आज्ञा तिच्यापर्यंत पोचलीच नाही.
एकोणीस तास लागले.
यांत्रिक हात एकेक काडतूस उचलायचा, खाली ठेवायचा,
मी इथेच, या उलट्या बादलीवर बसून.

सगळं आलं नाही.
शेवटचे चार दिवस टेपवर नव्हतेच.
त्रेसष्ट मुलांना पुन्हा बोलवावं लागलं.
व्होरूहून एक आई आली, मुलाचा हात गळ्यात बांधलेला,
म्हणाली, एवढी यंत्रं आहेत तुमच्याकडे.
मी म्हटलं, हो.
पुढे काय म्हणायचं ते अजून सुचलेलं नाही.

तर, कुठलं चांगलं असं विचारू नकोस मला.
विचार: काय ठेवायचंय, कुणाला, किती वेळात लागेल,
आणि तुझा हात चुकला तर
कोण तुझं ऐकणार नाही?

शुक्रवारी टेपांची पेटी तळघरात न्यायची.
अकरा किलो आहे.
पाठ वाकवू नकोस,
गुडघे वाकव.