मठार

औंधच्या छातीच्या दवाखान्यात, मागच्या अंगाला,
जिथे खिडक्या थंडीतही उघड्या,
मी थुंकीच्या बाटल्यांवर नावं लिहिते.

वामन करडे, वय एकसष्ट, तांबट आळी, कसबा.
पहिली बाटली चैत्रातली.
दुसरी कार्तिकातली, गोळ्या अर्ध्यावर सोडून
खाली मान घालून परत आले तेव्हाची.

सहा आठवडे थांबले. हिरव्या माध्यमावर
फ्लॉवरच्या तुऱ्यासारखी खरबरीत, बिस्किटी वाढ.
दोन्ही नळ्या सारख्याच.
पाषाणहून कागद आला:
चव्वेचाळीस लाख अक्षरांत तीन बदललेली.

एक औषधाने बदललं. ते समजतं.
उरलेली दोन?

फुफ्फुसात भक्षक पेशी असतात.
त्या जंतूला गिळतात आणि मग अडकतात,
पचत नाही, टाकवत नाही.
आम्ल सोडतात. लोखंडाचा कण दिसू देत नाहीत.
आणि वरून तांबं ओततात.

तांबं, वामनराव.
तुमच्या बरगड्यांआडही एक आळी आहे,
तिला सोमवारची सुट्टी नाही.
ठोक्याठोक्याला मरतात ते मरतात,
उरतो त्याच्या अंगावर तुमच्याच हातोडीचे ठसे.

मात्र एक जागा त्याने जपली आहे.
ज्या खुणेवरून आपल्या पेशी त्याला ओळखतात
ती खूण, पिढ्यान्‌पिढ्या, जशीच्या तशी.
चोर तोंड लपवतो. हा दारात उभा राहून
नाव सांगतो.
आपण चवताळून धावतो,
आपल्याच घराला भगदाड पाडतो,
आणि तो त्यातून, खोकल्यासरशी,
समोर बसलेल्या नातवापर्यंत.

परवा त्यांनी विचारलं, "बाई, काय निघालं?"
मी म्हटलं, डॉक्टर सांगतील.
मग उगाच विचारलं, हंड्यावर ते ठोके कशाला देतात,
शोभेला?
हसले. हसताना खोकले. रुमाल धरून म्हणाले,
"शोभा मागाहून. तांबं मऊ असतं हो.
मठारलं की टणक होतं."

माझ्याही एक्स-रेत उजवीकडे वर
तांदळाएवढा डाग आहे, एकोणिसाव्या वर्षापासून.
डॉक्टर म्हणतात, झोपलाय.
मी डाव्या कुशीवर निजते.

आज तिसरी बाटली आली.
झाकण घट्ट आहे ना, दोनदा पाहिलं.
तारीख घातली.