डावा लाल

डाव्या पंखाच्या टोकाचा दिवा
तीन आठवडे मनाला येईल तेव्हा लागतो.
धावपट्टीवर दचका बसला की जागा होतो,
वर्सोव्याच्या खाडीवरून वळताना विझतो,
आणि उतरल्यावर, आम्ही बघायला गेलो की,
शहाण्या मुलासारखा पेटलेला.

बल्ब बदलला. दोनदा.
मग सेक्रेटरी कानविंदे म्हणाले, जुनं झालं सगळं,
एलईडी मागवा.
एलईडी आला, वाटाण्याएवढा,
सोबत दिल्लीच्या शिक्क्याचे अकरा कागद.
किंमत ऐकून डाबरे नुसते हसले:
"एवढ्यात आमच्या वाडीतल्या विहिरीला मोटर बसते."

तीन स्क्रू. दोन निघाले.
तिसरा जुहूच्या खाऱ्या हवेने गिळलेला,
डोक्यावरची फुली झिजून नुसती खळी उरलेली.
डाबरेंनी तेल सोडलं, आणि पंखाच्या सावलीत
डबा उघडून सुकटभात खाल्ला, सावकाश.
"लोखंडाला घाई कळत नाही, गं."
तेलविहिरींकडे जाणारं हेलिकॉप्टर
आमच्यावर अर्धं मैदान उडवून गेलं,
तेव्हा कुठे तो कुरकुरत सुटला.

काच हातात घेतली.
कडेला अजून लाल,
मधोमध मात्र पाहुणे वाढल्यावर
पाणी घालून पुरवलेल्या सोलकढीसारखी.
मी एलईडी बसवला.
बटण दाबलं.
काही नाही.

मी कागद पुन्हा वाचले. अकराही.
डाबरे पंखाखाली उताणे झाले,
मीटरचं एक टोक दिव्याच्या बुडाला,
दुसरं पंखाच्या पत्र्याला.
"अर्थ मिळत नाही," म्हणाले.
हे आम्ही दिवसातून दहा वेळा बोलतो:
अर्थ ढिला, अर्थ तुटला, अर्थ कुठे दिलाय बघ.
शाळेतल्या मराठीच्या बाईंनी ऐकलं असतं
तर खडू खाली ठेवला असता.

वीज पंखाच्या टोकापर्यंत नीट पोचत होती.
परत यायला तिला वाट नव्हती.
करंगळीएवढी पट्टी, तिच्याखाली
मिठाने धरलेली पांढरी भुकटी,
चिमूटभरसुद्धा नाही.
पत्रा चमकेपर्यंत घासला.
जुनाच बल्ब लावला, कपाटातली नवी काच लावली.
लागला.
एलईडी डबीत, डबी अकरा कागदांत,
आणि कानविंद्यांना कोण सांगणार
यावर चहा संपेपर्यंत चर्चा.

अंधार पडल्यावर तपासणीचं शेवटचं काम.
डाबरे कॉकपिटमध्ये, मी गवतात.
नाकासमोरून ऐंशी पावलं दूर जायचं,
मग गोल चालत राहायचं डाव्या अंगाने;
लाल संपतो तिथे
शेपटीचा पांढरा सुरू व्हायला हवा.
मध्ये काळोख नको, एवढाच नियम.

लाल. लाल. लाल.
मागे हॉटेलांच्या पाट्या, याहून मोठ्या, याहून लाल,
त्यांतून हा एक निवडायला
डोळ्यांना जरा वेळ लागला.
आणि पायाखालून टिटवी उठली ओरडत.
टॉर्च लावला: खडीत चार अंडी,
खडीच्याच रंगाची,
माझ्या बुटापासून वीतभर.
ती डोक्यावर घिरट्या घालत
मला काय काय म्हणत होती.
तिच्या अंगावर एकही दिवा नव्हता.

मी लांबून वळसा घेतला.
वर पाहिलं तर पांढरा दिसत होता;
लाल नेमका कुठे संपला
ते बघायचं राहूनच गेलं.

"दिसला का गं?"
"थांबा," मी ओरडले, "परत चालते."

लॉगबुकात लिहिलं:
अर्थची पट्टी साफ केली. काच बदलली. दिवा चालू.
अंड्यांसाठी रकाना नव्हता.
सकाळी गवत कापणाऱ्या शिवमंगलला
जागा दाखवायला घेऊन गेले.
तो ट्रॅक्टरवरून उतरलाही नाही.
म्हणाला, माहीत आहे,
गेल्या साली पण इथेच होती.