ऑप्शन फॉर्म

दारव्ह्याच्या डेपोसमोर माझं दुकान :
झेरॉक्स, लॅमिनेशन, सातबारा,
आणि जुलैत महिनाभर इंजिनियरिंग.

खंडारे कंडक्टर पोरीला घेऊन आले,
ड्युटीच्या आधी, खाकीची वरची गुंडी लावत.
मी यादी वाचत गेलो
अन् ते प्रत्येक कॉलेजला टप्पे लावत गेले.
"यवतमाळ, जाऊन-येऊन होते.
बडनेरा, नेरवरून. शेवटची गाडी साडेसहाची.
शेगाव लांब, पण गाड्या लय."
पुण्याला त्यांच्याकडे टप्पा नव्हता.
मशीनमधला कागद संपावा तसे ते थांबले,
मग हजेरी लावायला गेले.

समीक्षाला ब्याण्णव पॉइंट चार.
मावशी म्हणते कॉम्प्युटर.
मामा म्हणतो, ब्रँच नको पाहू, कॉलेज पाहा.
मामेभाऊ म्हणतो, कॉलेज नको पाहू, पॅकेज पाहा.
तिच्या वहीत एकच शब्द होता, इलेक्ट्रिकल,
त्याभोवती चौकट.
"कायले?"
"आमच्या गल्लीतली डीपी वर्षातून चारदा जळते, दादा.
लाइनमन येते, तीच तार पुन्हा गुंडाळते.
मले पाहाचं हाये, ते जळते कायनं."

माहितीपत्रकात हिरवळ,
हिरवळीवर हसणारी चार पोरं, लॅपटॉप एकच.
त्यातल्या एका हिरवळीवरून मी चाललोय.
तिथल्या लॅबमधली मोटर
मी होतो तोवर तरी फिरली नाही.
जर्नल मात्र सगळ्यांचं पूर्ण.
सांगावं? मागं सात जण रांगेत.
तिनंच विचारलं, "तुमी कुठं होते?"
मी पाचव्या क्रमांकावर बोट ठेवलं.
"दुसऱ्या वर्षापर्यंत."
तिनं पुढं काही विचारलं नाही.
पाचवा बारावर नेला.

लॉक करायचा ओटीपी गेला बापाच्या मोबाइलवर,
अन् बाप नेरच्या पुढं,
जिथं रेंज नसते त्या पट्ट्यात.
दहा मिनिटं. पंखा.
सहाव्या मिनिटाला तिनं माउस मागितला.
मागं गेली, पुण्याचं कॉलेज धरलं अकराव्यावरून
अन् ओढत नेलं, वर, वर,
पहिल्यावर.
जुना ओटीपी मेला. मी नवा पाठवला.

फोन वाजला तेव्हा मागं टण-टण, गलका.
"चार, आठ, शून्य, दोन!" खंडारे ओरडत होते.
मग आवाज खाली आणून,
"समे, पुण्याची गाडी साडेपाचले लागते आपल्या डेपोत.
सकाळीच इचारलं मी कंट्रोलरले."

मी आकडे टाकले.
पन्नास रुपये झाले होते.
तिनं सगळी नाणीच दिली,
मोजून, दहा-दहाच्या चळती लावून.