बासष्ट लिटर

मे संपत आला, पण माहोन बेवरचं धुकं
अजून उठायला तयार नाही.
समोरची बेटं गायब.
फक्त बोयाची घंटा,
तीही झोपेत कुणी कूस बदलावी तशी.

सव्वीस फुटांची माझी शिडाची होडी, 'डव्हकी'.
पुढच्या बिछान्याची फळी उचलून
मी तिच्या पोटात शिरलेय उताणी,
दातांत टॉर्च,
आणि नाकाला जवळजवळ टेकलेली
तेहतीस वर्षांची नळी.

पारदर्शक होती म्हणे.
आता आतून काळपट हिरवी,
बोटानं दाबली की काहीतरी सुटतं आणि
पुन्हा चिकटतं.
नऊ उन्हाळे मी हे प्यायले.
जूनपर्यंत पाण्याला गुलाबी चव असायची,
हिवाळ्यात पाइप फुटू नयेत म्हणून ओतलेल्या
अँटीफ्रीझची, कितीही धुतलं तरी.
जुलैत प्लास्टिकची.
ऑगस्टमध्ये कसलीच नाही, कारण तोवर
जीभ हार मानायची.

कुत्र्याचं शेपूट नळीत घालतात ना,
इथं नळीच वाकडी.
होडीचा बाक तिनं अंगात इतका भिनवलाय
की कापून बाहेर फेकली तरी
धक्क्यावर तसंच वेटोळं घालून बसली,
जणू अजून टाकीकडून पंपाकडे निघालीय.

नवी नळी निळी आहे. पिण्याच्या पाण्याची, शिक्का असलेली.
दुकानातल्या डार्लीननं दोनदा मोजून कापली, म्हणाली,
"होडीत कुठलंच अंतर सरळ नसतं बाई,
हातभर जास्तच घे."
हातभर जास्त घेतली.
वीतभर कमी पडली.

दुसऱ्यांदा दुकान. दुसऱ्यांदा धुकं.
थर्मासमधल्या कढत पाण्यात टोक बुडवायचं,
मऊ झालं की तोटीवर चढवायचं,
थंड व्हायच्या आत, शिव्या संपायच्या आत.
माझ्या खूप शिव्या शिल्लक राहिल्या
पण करंगळीचं साल नाही राहिलं.

आणि मग पायपंपाच्या मागे, लाकडावर,
पेन्सिलीनं:
'जून ९१. ही क्लिप जास्त आवळू नकोस. ओ. झ्वि.'

कुणाला लिहिलं होतं? स्वतःलाच असणार.
दुसरं कोण येणार होतं इथं डोकं घालायला?
ओरिन झ्विकर. होडी विकताना
त्यानं माझं पाणी जोखलं होतं ते
एकाच प्रश्नानं, किमतीच्याही आधी:
"हिच्या पोटात कोण शिरणार? तू, का मेकॅनिक?"

संध्याकाळी टाकी भरली. बासष्ट लिटर.
पाय दाबला. पंप खोकला,
हवा थुंकला, पुन्हा खोकला,
आणि पाणी आलं.
पेला उजेडात धरला. प्यायले.
काही नाही.
इतकं काही नाही की मी
आणखी एक पेला प्यायले, खात्रीसाठी.

दुसऱ्या दिवशी बाटली भरून ओरिनकडे नेली,
टेकडीवरच्या त्या वृद्धांच्या घरात,
जिथं खिडकीतून खाडी दिसते, पण धक्का नाही.
त्यानं घोट घेतला, तोंडात फिरवला,
जुना सुतार लाकडावरून अंगठा फिरवतो तसा.
"कुठलं हे?"
"डव्हकीचं."
"छे," म्हणाला. "तिचं पाणी मला ठाऊक आहे."
आणि झाकण लावून
बाटली परत माझ्या हातात.

सांगायचं होतं, नळी बदलली म्हणून.
त्याऐवजी धुक्याबद्दल बोलले.
तोही बोलला धुक्याबद्दल. बराच वेळ.

रात्री होडीवरच झोपले.
टप्.
बरंच थांबून, टप्.
कुठेतरी पाणी मुरत होतं.
टॉर्च दातांत, फळी वर, बोटं चाचपडत गेली
तर तीच क्लिप, पेन्सिलीजवळची.
त्याचं ऐकून सैल ठेवलेली.

अर्धा फेरा.
थांबले. मग आणखी पाव.
अक्षरांवर हात पुसला जाऊ नये म्हणून
कोपर वर धरून,
अंधारात तशीच पडून राहिले,
पुढच्या थेंबाची वाट बघत.